पहिली दहा मिनिटं आणि पुढची साडेआठ वर्षं: क्रिएट रिॲक्ट ॲपचं प्रकरण

२०१५ च्या अखेरीस रिॲक्ट ही वेबपानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी शिकायला बसलेल्या माणसाचा पहिला दिवस रिॲक्ट शिकण्यात जात नसे. तो जाई वेबपॅक (कोडच्या अनेक फाइली जोडून ब्राउझरसाठी तयार करणारं साधन) आणि बेबल (नव्या धाटणीचं जावास्क्रिप्ट साध्या जावास्क्रिप्टमध्ये बदलणारं) यांची मोट बांधण्यात. रिॲक्ट मे २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं तेव्हा अवस्था इतकी बिकट नव्हती. एचटीएमएलच्या पानात दोन-तीन स्क्रिप्ट टॅग टाकले, त्यांतला एक जेएसएक्स ट्रान्सफॉर्मरचा, की जेएसएक्सचं (कोडमध्येच एचटीएमएलसारखं लिहिण्याच्या पद्धतीचं) साध्या जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर ब्राउझरमध्येच व्हायचं. वेग बेताचा, पण शिकण्यापुरतं भागायचं. ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेल्या ०.१४ आवृत्तीत या ट्रान्सफॉर्मरला निरोप द्यायचं ठरलं. त्याच महिन्यात बेबलची सहावी आवृत्ती आली, आणि ती नुसती बसवली तर काहीच करत नसे. प्रीसेट, म्हणजे नियमांचे तयार संच, वेगळे आणायचे, कॉन्फिग फाइलीत नोंदवायचे, मग वेबपॅकला सांगायचं की जेएस फाइल दिसली की बेबलकडे पाठव, मग डेव्ह सर्व्हर (लिहिता लिहिता पान आपल्याच यंत्रावर दाखवणारा), मग सीएसएससाठी आणखी दोन लोडर. यातल्या प्रत्येकाची कागदपत्रं वेगळी, आणि प्रत्येकाने धरून चाललेलं की बाकीचं तुम्हाला येतंच.

यावर उपाय म्हणून गिटहबवर तयार सांगाडे भरपूर होते. रिॲक्ट बॉयलरप्लेट, रिॲक्ट स्टार्टर किट अशी चांगली, कष्टाने केलेली कामं. पण ती अनुभवी माणसांनी अनुभवी माणसांसाठी रचली होती. रिडक्स, राउटर, सर्व्हर रेंडरिंग, टेस्ट, सगळं आधीच जोडलेलं. नवखा तो फोल्डर उघडायचा आणि त्याला कळायचंच नाही की यातली आपली फाइल कुठली आणि हात लावायचा नाही ती कुठली.

२२ जुलै २०१६ ला रिॲक्टच्या चमूतर्फे डॅन अब्रामोव्ह यांनी क्रिएट रिॲक्ट ॲप, म्हणजे एका आज्ञेत तयार रिॲक्ट प्रकल्प उभा करून देणारं साधन, जाहीर केलं. १४ फेब्रुवारी २०२५ ला त्याच चमूने ते अधिकृतपणे बंद केलं. मधल्या काळात रिॲक्ट शिकलेल्यांपैकी बहुतेकांनी पहिला प्रकल्प यातूनच उभा केला असावा. पुण्या-मुंबईच्या कोचिंग क्लासांपासून शेवटच्या वर्षाच्या इंजिनीअरिंग प्रोजेक्टांपर्यंत सगळीकडे हेच असायचं. वेब फ्रेमवर्कसाठी नवशिक्यांचा पहिला प्रकल्प कसा रचावा, या प्रश्नावर मला इतकं बोलकं दुसरं प्रकरण माहीत नाही. एक गोष्ट या मंडळींनी फार खोलात जाऊन सोडवली: नवखा चुकतो तेव्हा काय होतं. दुसरी त्यांनी जवळजवळ मोकळी सोडली: तो नवखा राहत नाही तेव्हा काय होतं.

तीन आश्वासनं

जाहीर करतानाच तीन गोष्टी कबूल केलेल्या होत्या. अवलंबित्व एकच: तुमच्या पॅकेज डॉट जेसॉनमध्ये (प्रकल्पाला लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत) रिॲक्टशिवाय फक्त रिॲक्ट-स्क्रिप्ट्स नावाचं एक पॅकेज. कॉन्फिगरेशन शून्य: वेबपॅक आणि बेबलच्या फाइली प्रकल्पात दिसणारच नाहीत. आणि अडकून पडायचं नाही: कधीही इजेक्ट नावाची आज्ञा द्या, झाकलेलं सगळं तुमच्या फोल्डरमध्ये येईल आणि पुढचे मालक तुम्ही.

पहिल्या आश्वासनाचं मोल बाहेरून दिसतं त्याहून मोठं आहे. जुन्या पद्धतीचा सांगाडा म्हणजे एकदा केलेली नक्कल. मूळ लेखकाने पुढे काही सुधारलं तरी तुमच्याकडे ते येणार नाही. इथे सगळी यंत्रणा एका पॅकेजच्या पोटात होती, त्यामुळे आवृत्तीचा एक आकडा बदलला की आतलं वेबपॅक, बेबल, टेस्ट चालवणारं जेस्ट सगळं एकत्र, एकमेकांशी तपासून घेतलेलं पुढे सरके. ऑक्टोबर २०१८ मध्ये दुसरी आवृत्ती आली तेव्हा बेबल ७ आणि वेबपॅक ४ असे दोन मोठे बदल एकदम झाले. ज्यांनी इजेक्ट केलं नव्हतं, त्यांच्यापैकी कित्येकांचं काम तो आकडा बदलण्यावर भागलं. स्वतःची कॉन्फिग सांभाळणाऱ्यांना तेच दोन बदल किती दिवस पुरले, ते त्यांनाच विचारावं.

काय घ्यायचं नाही, हेही त्यांनी सुरुवातीला ठामपणे ठरवलं होतं. सर्व्हर रेंडरिंग नाही, राउटर नाही, सॅस आणि लेस नाही, सीएसएस मॉड्यूल्स नाहीत, डेकोरेटरसारखं प्रायोगिक व्याकरण नाही. यातल्या काही गोष्टी पुढे आल्या, पण पहिल्या दिवशी त्यांना नकार देणं मला फार महत्त्वाचं वाटतं. नवख्यासाठी प्रकल्प रचताना सगळ्यांत जास्त दबाव अनुभवी सहकाऱ्यांचा असतो. प्रत्येकाला आपली आवडती सोय आत हवी असते, आणि प्रत्येक सोय एकटी पाहिली तर रास्तच असते.

चुकीच्या क्षणाची काळजी

प्रकल्प उभा राहिला की दिसायच्या मोजक्या गोष्टी. पब्लिक फोल्डरात इंडेक्स डॉट एचटीएमएल. सोर्स फोल्डरात ॲप डॉट जेएस, त्याची सीएसएस, फिरणारा लोगो, एक टेस्ट आणि इंडेक्स डॉट जेएस. एनपीएम स्टार्ट (एनपीएम म्हणजे पॅकेजेस बसवणारं साधन) म्हटलं की ब्राउझर आपणहून उघडायचा, लोगो गोल फिरायचा आणि पानावरचं एकच वाक्य सांगायचं की ॲप डॉट जेएस बदला आणि सेव्ह करा. नवख्याला पहिल्या पानावर एवढंच हवं असतं: कुठली फाइल, आणि ती बदलली की काय होतं. आपल्याकडच्या अनेक पहिल्या पानांवर फ्रेमवर्कच्या गुणगौरवाखेरीज काही नसतं. इथे थेट काम दिलेलं होतं.

पण सगळं सुरळीत चालणारा रस्ता कोणीही नीट बांधतो. खरी कारागिरी पाहायची तर काहीतरी बिनसेल तिथे पाहावी.

समजा, तुमचा आधीचा प्रकल्प दुसऱ्या टर्मिनलमध्ये चालूच राहिला आहे आणि तुम्ही नवा सुरू केला. पोर्ट ३००० अडलेलं. साध्या सर्व्हरने इथे एक त्रोटक एरर कोड आणि त्याखाली स्टॅक ट्रेसच्या ओळी फेकल्या असत्या. पोर्ट म्हणजे काय हे ज्याला आजच कळलं आहे, तो तिथेच बसतो. क्रिएट रिॲक्ट ॲप सांगायचं की ३००० वर आधीच काहीतरी चालू आहे, आणि विचारायचं की दुसऱ्या पोर्टवर चालवू का. हो म्हटलं की काम पुढे.

किंवा फाइलीचं नाव हेडर डॉट जेएस, कॅपिटल एच घालून, आणि इम्पोर्ट करताना तुम्ही स्मॉल एच लिहिला. विंडोज आणि मॅकवर फाइलींच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा भेद सहसा धरला जात नाही, त्यामुळे तुमच्या यंत्रावर सगळं चालतं. लिनक्सच्या सर्व्हरवर चढवलं की बिल्ड मोडते, आणि मोडते ती नेमकी सादरीकरणाच्या आदल्या रात्री. हा फरक तुमच्याच यंत्रावर, लगेच पकडणारा एक प्लगइन त्यांनी आत बसवला होता. ज्याला ही अडचण कधी आली नाही त्याला हा प्लगइन ठाऊकही नसेल, आणि अडचण न येण्याचं कारण तोच प्लगइन होता.

तिसरं उदाहरण मला सगळ्यांत जास्त आवडतं. तुम्ही कोडमध्ये एखादं पॅकेज इम्पोर्ट केलं, पण ते बसवायला विसरलात. स्क्रीनवर एरर आला. तुम्ही दुसऱ्या टर्मिनलमध्ये जाऊन ते बसवलंत. वेबपॅक ज्या स्थितीत होतं, तिथे त्याला या नव्या पॅकेजचा पत्ता लागत नसे आणि एरर तसाच दिसत राही. डेव्ह सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की मगच सुटका. अनुभवी माणूस ते सवयीने करतो. नवख्याला मात्र वाटतं की आपण बसवलं तेच चुकलं, मग तो ते काढतो, पुन्हा बसवतो, नावात फेरफार करून पाहतो. सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये नेमक्या एवढ्याच प्रसंगासाठी लिहिलेला एक छोटा प्लगइन होता: बसवायचं राहिलेलं पॅकेज आलं की ते आपोआप ओळखायचं. नवख्याच्या शेजारी बसून त्याचे हात पाहिल्याशिवाय असा प्लगइन सुचत नाही.

लिंटरच्या, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनाच्या, बाबतीतला निर्णयही असाच. ईएसलिंट आत होतं, पण त्याच्या नियमांमधून शैलीचे सगळे नियम वगळले होते. अर्धविराम राहिला, इंडेंटेशन दोनाचं की चाराचं, एकेरी अवतरण की दुहेरी, यावर एक शब्द नाही. इशारा यायचा तो खऱ्या घोटाळ्यांवर: व्हेरिएबल घोषित केलं पण वापरलं नाही, तुलनेत दोन बरोबर-चिन्हं टाकली, चित्राला ऑल्ट मजकूर दिला नाही. तोही इशाराच, कोड अडवायचा नाही. शिकणाऱ्याला प्रत्येक ओळीला लाल रेघ दिसली की तो रेघा वाचणंच सोडून देतो. इशारे कमी ठेवले, म्हणून वाचले गेले. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना शिकवताना हा फरक ठळक जाणवतो. इंग्रजीतला संदेश छोटा, साधा आणि एकाच गोष्टीबद्दल असेल तर ती नीट वाचतात आणि स्वतः दुरुस्त करतात. संदेशांची रास पडली की थेट सरांना हाक येते.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा, म्हणजे कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंगचा, नियमही सांगण्याजोगा आहे. ज्यांचं नाव रिॲक्ट_ॲपने सुरू होतं तेवढीच व्हेरिएबल्स ब्राउझरच्या कोडमध्ये जायची. नवख्याला हे आधी जाचक वाटतं, कारण पुढे ते शब्द लावायला तो विसरतो आणि किंमत रिकामी येते. पण यंत्रावरची इतर गुपितं चुकून बंडलमध्ये जाऊन सगळ्या जगाला दिसण्यापेक्षा ही चिडचिड परवडली.

सगळंच जमलं असं मात्र नाही. सीआय नावाचं व्हेरिएबल (बिल्ड आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेची खूण) लावलेलं असेल तर बिल्डच्या वेळी तेच सौम्य इशारे एरर मानले जात. आपल्या यंत्रावर महिनाभर पिवळा दिसणारा इशारा पहिल्यांदा होस्टिंगवर चढवताना बिल्ड पाडायचा, कारण अनेक होस्टिंग सेवा ते व्हेरिएबल स्वतःच लावतात. संघात काम करणाऱ्यांसाठी ही कडक शिस्त योग्य आहे. पण आयुष्यातलं पहिलं डिप्लॉय करणाऱ्याचं घोडं तिथे अडायचं, आणि एरर संदेशात कारण लिहिलेलं असूनही ते त्या लांबलचक लॉगमध्ये हरवायचं.

सर्व्हिस वर्करचा धडा

मे २०१७ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती आली. तिने एक चांगली गोष्ट आणली: कोड चालताना फुटला की पानभर लाल पडदा, त्यावर नेमकी ओळ आणि तिच्या आसपासचा तुम्ही लिहिलेला मूळ कोड. ही सोय मी नवख्यांच्या दृष्टीने संपूर्ण प्रकल्पातली सर्वोत्तम मानतो. त्याच आवृत्तीने आणखी एक गोष्ट आणली: प्रत्येक नवा प्रकल्प आपोआप प्रोग्रेसिव्ह वेब ॲप. म्हणजे प्रॉडक्शन बिल्डमध्ये सर्व्हिस वर्कर नोंदवला जाई, तो सगळ्या फाइली ब्राउझरमध्ये साठवे आणि पुढच्या वेळी आधी साठ्यातूनच देई.

हेतू उमदा होता. मंद नेटवर्कवर साइट झटकन उघडावी, नेट गेलं तरी चालावी. ग्रामीण भागात मोबाइलवर साइट पाहणाऱ्यांसाठी ही सोय फार मोलाची. पण साइट बनवणाऱ्या नवख्याचा अनुभव असा: साइट चढवली, मित्राला दाखवली, त्याने चूक दाखवली, ती सुधारून पुन्हा चढवली, मित्राने रिफ्रेश केलं, आणि दिसली जुनीच साइट. नवी फाइल सर्व्हरवर आहे, ब्राउझर मात्र साठ्यातली देतो आहे. नवी आवृत्ती पार्श्वभूमीला उतरते आणि जुन्या पानाचे सगळे टॅब बंद झाल्यावरच ताबा घेते. हे वर्तन सर्व्हिस वर्करच्या नियमांनुसार बरोबर आहे. पण ज्याने सर्व्हिस वर्कर हा शब्दही ऐकलेला नाही त्याने हे कसं ओळखायचं?

दुसरी गुंतागुंत याहून बारीक. सर्व्हिस वर्कर पत्ता आणि पोर्ट यांच्या जोडीशी बांधलेला असतो. एका प्रकल्पाची प्रॉडक्शन बिल्ड लोकलहोस्टवर त्याच पोर्टवर तपासली, दुसऱ्या दिवशी दुसरा प्रकल्प तिथेच सुरू केला, की ब्राउझरमध्ये पहिलाच प्रकल्प हजर. यासाठी डेव्ह सर्व्हरमध्ये एक खास तुकडा घालावा लागला, जो त्या पत्त्यावर आधी बसलेला सर्व्हिस वर्कर काढून टाके.

ऑक्टोबर २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय मूळ मांडणीतून मागे घेतली गेली. कोड तिथेच राहिला, पण इंडेक्स डॉट जेएसमध्ये नोंदणीऐवजी नोंदणी रद्द करणारी ओळ आली, आणि हवी असेल त्याने ती स्वतः बदलायची. २०२० च्या चौथ्या आवृत्तीत तर हे सगळं एका वेगळ्या टेम्प्लेटमध्ये हलवलं. हा निर्णय फिरवायला धैर्य लागलं असणार, कारण सोय चांगलीच होती. पण नवख्यासाठी रचलेल्या प्रकल्पात आपोआप चालू असलेल्या प्रत्येक गोष्टीला माझ्या मते एक कसोटी लावावी: ही बिघडली, तर तिचं नावही माहीत नसलेला माणूस बिघाड शोधू शकेल का? सर्व्हिस वर्कर या कसोटीला उतरला नाही. लाल पडदा उतरला.

एकच दार, तेही एका दिशेचं

आता तिसऱ्या आश्वासनाकडे. इजेक्टची आज्ञा दिली की आधी प्रश्न यायचा: नक्की ना, हे कायमचं आहे. गिटमध्ये जतन न केलेले बदल असतील तर पुढेच जाऊ दिलं जायचं नाही, म्हणजे किमान परतीची सोय राहावी. इतकी काळजी घेतलेली. मग फोल्डरात उतरायची कॉन्फिग आणि स्क्रिप्टच्या फाइलींची मालिका, त्यात काहीशे ओळींची वेबपॅक कॉन्फिग, आणि पॅकेज डॉट जेसॉनमध्ये एका ओळीच्या जागी डझनावारी ओळी.

आता प्रत्यक्षात माणसाला काय हवं असतं ते पाहा. सहा महिने काम केलेल्याला एक बेबल प्लगइन जोडायचा असतो. किंवा इम्पोर्टच्या लांबलचक मार्गांना एक टोपणनाव द्यायचं असतं. गरज एका ओळीची, आणि त्यासाठी दोनच पर्याय: एकतर काहीच नाही, नाहीतर सगळ्या यंत्रणेची मालकी. ती मालकी घेतली की पहिलं आश्वासनही संपलं, कारण पुढच्या आवृत्तीचे फायदे आपोआप येणं थांबलं. मधली पायरीच ठेवलेली नव्हती.

जिथे पायरी नसते तिथे लोक खिडकीतून उतरतात. रिॲक्ट-ॲप-रिवायर्ड आणि क्रॅको ही पॅकेजेस त्यासाठीच जन्माला आली. ती रिॲक्ट-स्क्रिप्ट्सच्या पोटातली कॉन्फिग चालताना पकडून तिच्यात फेरबदल करत. आतली रचना बदलली की ती मोडत, आणि दोष कोणाचा हे वापरणाऱ्याला कळत नसे. काही जणांनी रिॲक्ट-स्क्रिप्ट्सचीच स्वतंत्र प्रत काढून सांभाळली. ऑक्टोबर २०१८ मध्ये २.१ आवृत्तीत टाइपस्क्रिप्ट (व्हेरिएबलचे प्रकार नोंदवू देणारं जावास्क्रिप्ट) अधिकृतपणे आलं, तोवर टाइपस्क्रिप्टवाल्यांसाठी अशीच एक वेगळी प्रत वापरात होती.

चमूची बाजूही मला समजते. कॉन्फिगला एक छोटं छिद्र ठेवलं असतं तर आतलं वेबपॅक बदलणं त्यांना अवघड झालं असतं. ज्या बंदिस्तपणामुळे एका आकड्यात दोन मोठे बदल शक्य झाले, तोच बंदिस्तपणा इथे आडवा येत होता. तरीही टोपणनावं, प्रॉक्सी, एखादा प्लगइन अशा नेहमीच्या चार-सहा गरजांसाठी आपल्याच शब्दांतले, वेबपॅकचं नाव न घेणारे पर्याय देता आले असते. प्रॉक्सीसाठी त्यांनी पॅकेज डॉट जेसॉनमध्ये एक ओळ ठेवलीच होती, आणि ती उत्तम चालली. त्याच मार्गाने आणखी पुढे जायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

देखभालीचा हिशेब

एकच अवलंबित्व हे वरून खरं, पण त्या एकाच्या पोटात हजाराहून अधिक पॅकेजेस येत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर प्रकल्प उभा करणाऱ्याला, किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये सगळ्या यंत्रांवर एकाच वेळी ही आज्ञा देणाऱ्या शिक्षकाला, याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आणि त्या हजारांपैकी कोणी काही बदललं, की प्रश्न क्रिएट रिॲक्ट ॲपच्या दारात.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची १७ वी आवृत्ती ओपनएसएसएल ३ ही कूटलेखनाची लायब्ररी घेऊन आली. वेबपॅक ४ फाइलींचे हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) काढायला एमडी४ ही जुनी पद्धत वापरायचं, आणि नव्या ओपनएसएसएलने ते बंद केलं होतं. परिणाम असा की नवं नोड बसवलेल्या यंत्रावर चौथ्या आवृत्तीचा प्रकल्प सुरूच होईना, आणि स्क्रीनवर येई ‘डिजिटल एन्व्हलप रूटीन्स अनसपोर्टेड’ असा संदेश. चुकीच्या क्षणाची इतकी काळजी घेणाऱ्या प्रकल्पात, त्याचा काही दोष नसताना, नवख्याला जगातला सगळ्यांत दुर्बोध एरर दिसू लागला. डिसेंबर २०२१ मध्ये पाचवी आवृत्ती वेबपॅक ५ घेऊन आली आणि नव्या प्रकल्पांपुरता प्रश्न मिटला. वर्गात वाटलेले जुने प्रकल्प मात्र तसेच राहिले.

त्याच वर्षी एनपीएम ऑडिटचा त्रास शिगेला पोचला. प्रकल्प उभा राहताच टर्मिनलवर शेवटची ओळ अशी येई की इतक्या सुरक्षात्रुटी सापडल्या, त्यांतल्या अमुक गंभीर. यातल्या बहुतेक त्रुटी बिल्डच्या साधनांमधल्या, ब्राउझरमध्ये न पोचणाऱ्या होत्या. पण घाबरलेला नवखा ‘ऑडिट फिक्स’ची सक्तीची आज्ञा द्यायचा, एनपीएम रिॲक्ट-स्क्रिप्ट्सची कुठली तरी जुनी आवृत्ती बसवायचं, आणि चालता प्रकल्प मोडायचा. अब्रामोव्ह यांनी जुलै २०२१ मध्ये या ऑडिटच्या रचनेवरच सविस्तर टीका लिहिली, आणि प्रकल्पात स्वतंत्र खुलासा टाकला की रिॲक्ट-स्क्रिप्ट्स डेव्ह-डिपेंडन्सीमध्ये हलवा आणि फक्त प्रॉडक्शनचं ऑडिट करा. सल्ला रास्त, पण तो वाचायला नवखा तिथवर पोचतो थोडाच.

या सगळ्या काळात देखभालीचा मोठा भार रिॲक्ट बनवणाऱ्या फेसबुक कंपनीबाहेरच्या स्वयंसेवकांनी उचलला होता. पाचव्या आवृत्तीनंतर कामाचा वेग जवळजवळ थांबला. एप्रिल २०२२ च्या ५.०.१ नंतर जवळपास शांतता. अधिकृत कागदपत्रांत मात्र नवख्यांना पहिली शिफारस अजून याचीच होती. मला या प्रकरणातली सगळ्यांत गंभीर चूक हीच वाटते. निवड करण्याची कुवत नसलेल्या माणसाला आपण एक नाव सांगतो, तेव्हा त्या नावाची जबाबदारी रोजची असते. अनुभवी लोक केव्हाच दुसरीकडे गेले होते. मागे राहिले ते नवखेच, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं बांधलं होतं त्यांनाच सगळ्यांत जुनी यंत्रणा मिळत होती.

पर्याय तोवर तयार होता. एव्हन यू यांचं व्हीट २०२० मध्ये आलं, आणि फेब्रुवारी २०२१ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ते रिॲक्टसकट कुठल्याही फ्रेमवर्कसाठी वापरता येऊ लागलं. सुरुवातीला सगळ्या कोडचं बंडल बांधण्याऐवजी ते ब्राउझरला मॉड्यूल्स थेट मागू देतं, त्यामुळे डेव्ह सर्व्हर क्षणात सुरू होतो. जानेवारी २०२३ मध्ये अधिकृत कागदपत्रांतली शिफारस बदलावी अशी सूचना बाहेरून आली. अब्रामोव्ह यांनी तिला दीर्घ उत्तर देताना पाच पर्याय मांडले. नवं फ्रेमवर्क लिहिण्यापासून क्रिएट रिॲक्ट ॲपला केवळ इतर फ्रेमवर्कांकडे नेणारं प्रवेशद्वार बनवण्यापर्यंत. कल त्या शेवटच्या पर्यायाकडे होता, पण तो प्रत्यक्षात आला नाही. मार्च २०२३ मध्ये नवी अधिकृत साइट आली तेव्हा शिफारशींतून क्रिएट रिॲक्ट ॲपचं नाव वगळलेलं होतं. बंद केल्याची घोषणा मात्र केलेली नव्हती. जवळजवळ दोन वर्षं जुने व्हिडिओ आणि नोट्स वाचणाऱ्याला तीच आज्ञा मिळत राहिली, आणि ती चालतही होती.

मग ५ डिसेंबर २०२४ ला रिॲक्ट १९ आलं. क्रिएट रिॲक्ट ॲप नेहमीप्रमाणे सगळ्यांत नवं रिॲक्ट बसवू लागलं, पण त्याच्या टेम्प्लेटमधलं टेस्टिंग लायब्ररीचं पॅकेज रिॲक्ट १८ वर अडून बसलेलं. एनपीएमच्या सातव्या आवृत्तीपासून असा मेळ न बसणं हा थेट एरर ठरतो. म्हणजे आज्ञा अर्धवट फुटू लागली, आणि फुटली ती अगदी पहिल्याच पायरीवर. १४ फेब्रुवारी २०२५ च्या घोषणेबरोबर रिॲक्ट १९ शी जुळणारी एक आवृत्ती दिली गेली, आणि नवा प्रकल्प काढताना हे आता बंद झालं आहे असा स्पष्ट इशारा दिसू लागला. सक्रिय देखभालकर्ते नाहीत, हे त्या घोषणेत सरळ मान्य केलेलं आहे. राउटिंग, डेटा आणणं, कोडचे तुकडे पाडणं या गोष्टींचं उत्तर या साधनात नाही, हेही.

जुना प्रकल्प हाती असेल तर

व्हीटच्या रिॲक्ट टेम्प्लेटमध्ये कॉन्फिगची फाइल उघड ठेवलेली असते, पण ती चार-सहा ओळींची. प्लगइन जोडायचा तर तिथे एक ओळ. इजेक्टची गरजच उरत नाही. मधली पायरी हवी होती ती हीच. काही गेलंही: लिंटचे इशारे आता डेव्ह सर्व्हर चालू असताना आपोआप समोर येत नाहीत, त्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते, आणि नवखा ती देत नाही. शिकवणाऱ्यांनी एडिटरमध्ये ईएसलिंटचं एक्स्टेन्शन पहिल्याच दिवशी बसवून घ्यावं.

बदल करायचा तर काम फार नाही. रिकामा व्हीट प्रकल्प काढा आणि सोर्स फोल्डर त्यात हलवा. इंडेक्स डॉट एचटीएमएल पब्लिकमधून बाहेर काढून मुळाशी आणा, त्यातल्या पब्लिक यूआरएलच्या खुणा पुसा, आणि सोर्समधल्या पहिल्या फाइलीकडे बोट दाखवणारा मॉड्यूल प्रकारचा स्क्रिप्ट टॅग घाला. ज्या फाइलींत जेएसएक्स आहे त्यांचं नाव डॉट जेएसएक्सने संपवा, नाहीतर पहिला एरर तिथेच येईल. रिॲक्ट_ॲपने सुरू होणारी व्हेरिएबल्स व्हीट_ने सुरू करा आणि ती प्रोसेस डॉट एन्व्हऐवजी इम्पोर्ट डॉट मेटा डॉट एन्व्हमधून वाचा. पॅकेज डॉट जेसॉनमधली प्रॉक्सीची ओळ व्हीटच्या कॉन्फिगमध्ये जाते. एसव्हीजी फाइली कंपोनंट म्हणून वापरल्या असतील तर वेगळा प्लगइन लागतो. जेस्टच्या टेस्ट व्हीटेस्टमध्ये थोड्या बदलाने चालतात. शेवटी होस्टिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन बिल्डच्या फोल्डरचं नाव बिल्डवरून डिस्ट करा. हे राहिलं की बिल्ड यशस्वी झाल्याचा संदेश येतो, पण साइट काही दिसत नाही.